चाकू : वापरावा कीं जपावा?

चाकू हा कापण्यासाठींच जन्मास आला, याविषयीं कोणी वाद घालणार नाहीं. परंतु ज्याची मूठ शिंपल्याची आहे, ज्याच्या पात्यावर आरशासारखी झिलई आहे आणि ज्याच्या किंमतींत मध्यम स्थितींतील एखाद्या कुटुंबाचा महिन्याचा किराणा सहज भरतां येईल, असा चाकू हातीं आला म्हणजे त्याच्या मालकाची स्थिति मोठी चमत्कारिक होते. पेन्सिलीला टोंक करावें तर झिलईवर ओरखडा उठणार; न करावें, तर त्याच कामासाठीं दुसरा स्वस्त चाकू विकत आणावा लागणार. पेटींत ठेवला तर तो चाकू कसला, आणि खिशांत घातला तर ती ठेव कसली? वरवर पाहतां हा प्रश्न हौशी आणि थोड्या रिकामटेकड्या माणसाचा वाटतो. वस्तुतः तो बराच जुना आहे, आणि त्याचें उत्तर शोधूं गेल्यास लोहार, घड्याळजी, रसायनशास्त्रज्ञ, अमेरिकेचा एक राष्ट्राध्यक्ष आणि इंग्लंडांतील एक धुरकट शहर अशा नाना ठिकाणांची वाट तुडवावी लागते.

घडीचा चाकू, म्हणजे ज्याचें पातें मुठींत मिटतें असा चाकू, ही अर्वाचीन कल्पना नव्हे. ऑस्ट्रियांतील हालस्टाट येथें हाडाच्या मुठीचा असा एक चाकू सांपडला आहे. त्याचा काळ ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमाराचा मानतात. केंब्रिज येथील फिट्सविल्यम संग्रहालयांत रोमन काळांतील एक अवजार आहे, तें याहूनहि बोलकें आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांतील या वस्तूंत चमचा, कांटा, टोंचणी आणि चाकू हीं सारीं चांदीच्या एकाच मुठीला जोडलेलीं असून मिटून ठेवतां येतात. प्रवासाला निघालेल्या कोणा श्रीमंत रोमनाची ती चैन असावी. आज तिचे चांदीचे भाग शाबूत आहेत; लोखंडाचें पातें मात्र गंजून झडलें आहे. म्हणजे ज्या भागासाठीं ही वस्तु चाकू म्हणवीत होती तोच भाग गेला, आणि बाकीचा थाट तेवढा राहिला. काय जपावें याविषयीं माणसानें कांहींहि ठरविलें तरी काळाची निवड निराळी असूं शकते, हें त्या कपाटासमोर उभें राहिल्यावर पटतें.

चाकूला खिशांत कायमची जागा मिळवून दिली ती पुढें लेखणीनें. युरोपांत पिसाच्या लेखणीनें लिहीत आणि इकडे बोरूनें. पीस काय किंवा बोरू काय, दोहोंचें टोंक लिहितां लिहितां झिजतें, फाटतें आणि पुनः तासावें लागतें. इंग्रजींतील ‘पेननाईफ’ या शब्दानें ती आठवण अजून जपून ठेविली आहे, आणि फारशींतील ‘कलमतराश’, म्हणजे लेखणी तासणारा, हा शब्दहि तेंच सांगतो. पेशवाईंतील कारकुनाच्या बैठकीवर दौत व बोरू यांच्याशेजारीं चाकूला मान असे, कारण मोडीचें वळण बरेंचसें बोरूच्या कापावर अवलंबून राही. अशा चाकूला जपणें याचा अर्थ एवढाच कीं, त्याची धार मरूं द्यावयाची नाहीं. धार लावतांना पात्याचा सूक्ष्म अंश दगडावर राहतो. वर्षानुवर्षें निसण्यावर घासलेलें पातें अरुंद होत होत शेवटीं संपतें. सहाणेवर चंदन झिजावें तसा तो चाकू झिजे, आणि त्याबद्दल कोणाला हळहळ वाटत नसे.

या कथेंत मुंबईचाहि एक धागा आहे, आणि तो सहसा सांगितला जात नाहीं. १७९४ सालीं मुंबईंतील डॉ. हेलेनस स्कॉट यांनीं ‘वुट्झ’ नांवाच्या हिंदी पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. दक्षिण हिंदुस्थानांत लहानशा मातीच्या मुशींत लोखंड, लांकडाचे तुकडे व पाला बंद करून, ती मूस प्रखर आंचेवर तापवून हें पोलाद करीत. डॉ. जॉर्ज पिअर्सन यांनीं १७९५ सालीं त्यावर रॉयल सोसायटीसाठीं निबंध लिहिला. त्यांनीं त्या पोलादाच्या नाना परीक्षा केल्या. पण त्यांतली मार्मिक परीक्षा म्हणजे जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या कारागिराकडून त्यांनीं त्याच्या एका तुकड्याचा चाकू करविला. स्टोडार्ट त्या पोलादावर इतका लुब्ध झाला कीं, युरोपांतील उत्तम पोलादाहूनहि आपण तें पसंत करतों असें तो आपल्या दुकानाच्या पत्रकावर छापूं लागला. पुढें त्यानें तरुण मायकेल फॅरेडे यांच्यासह पोलादांत निरनिराळे धातु मिसळण्याचे प्रयोग केले, आणि त्यांचा निबंध १८२० सालीं प्रसिद्ध झाला. त्या प्रयोगांचे ७९ नमुने लांकडी पेटींत कित्येक दशकें पडून होते. शतकानंतर शेफील्डचे धातुशास्त्रज्ञ सर रॉबर्ट हॅडफील्ड यांनीं ते बाहेर काढून तपासले, आणि १९३१ सालीं त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ते नमुने कोणी जपून ठेविले नसते तर ही तपासणी झाली नसती. आणि त्यांचे लहानसे अंश कापून खर्ची घातले नसते तरीहि ती झाली नसती.

हॅडफील्ड ज्या शेफील्डचे, त्या शहराचें नांव चाकूशीं इतकें एकजीव झालें आहे कीं, चौदाव्या शतकांत चॉसरनें आपल्या एका कथेंतील गिरणीवाल्याजवळ शेफील्डचाच सुरा दिला आहे. भोंवतालच्या टेकड्यांवरून वेगानें खालीं येणाऱ्या पांच नद्या, धारेच्या चाकांस योग्य असा वाळूचा दगड आणि हाताशीं कोळसा, एवढ्या भांडवलावर हा धंदा तेथें फोफावला. १६२४ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें चाकू-सुऱ्या करणारांची ‘कंपनी’ स्थापन झाली व कारागिरांच्या खुणा नोंदल्या जाऊं लागल्या. अठराव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन हंट्समन या घड्याळजीनें मुशींतील पोलादाची कृति बसविली. घड्याळाच्या कमानींसाठीं एकसारखें पोलाद त्याला मिळत नव्हतें, ही त्याची मूळ अडचण. गांवांतल्या कारागिरांनीं प्रथम या नव्या कठीण पोलादाकडे पाठ फिरविली. फ्रेंचांनीं तें विकत घेऊन त्याचे चाकू इंग्लंडांत विकावयास आणले तेव्हां त्यांचे डोळे उघडले, अशी परंपरागत हकीकत आहे.

शेफील्डचा घडीचा चाकू एका माणसाच्या हातून क्वचितच पुरा होई. पातें घडणारा निराळा, त्याला चाकावर धार आणि झिलई देणारा निराळा, आणि पातें, कमान, पितळी पत्रे व मूठ यांचा मेळ बसवून चाकू उभा करणारा निराळा. यांपैकीं पुष्कळजण कोणाचे नोकर नसत. एखाद्या अंगणाभोंवतीं असलेल्या खोल्यांपैकीं एक खोली भाड्यानें घेऊन ते आपापलें काम करीत, आणि आपल्या बोलींत स्वतःला ‘लिटल मेस्टर’, म्हणजे लहान मालक, म्हणवीत. मालकी नांवाची, बहुधा एका बांकाची आणि दोनचार कानशींची! पण हात असे कीं, पाठीची कमान आणि पात्याची टांच यांच्यामध्यें केसाइतकीहि फट राहूं नये. चांगला चाकू उघडतांना अर्ध्यावर क्षणभर थांबतो, मग ‘खट्’ असा आवाज करून आपल्या जागीं बसतो. पातें नीट ‘चालतें’ कीं नाहीं आणि नीट ‘बोलतें’ कीं नाहीं, अशा शब्दांत तेथले कारागीर त्याची पारख करीत. ज्या चाकूचें पातें कधीं उघडलेंच जात नाहीं त्याचा हा अर्धा गुण मुकाच राहतो, हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आणि या कारागिरीची किंमत कोणी भरली? दुकानांतल्या गिऱ्हाइकानें तर नक्कीच पुरी भरली नाहीं. वाळूच्या दगडाच्या मोठ्या चाकावर ओणवें बसून पातें घासणारा माणूस दिवसभर दगडाची व पोलादाची धूळ श्वासाबरोबर आंत घेत असे. डॉ. आर्नोल्ड नाइट यांनीं १८३० च्या सुमारास या रोगाचें वर्णन केलें. ‘घासणारांचा दमा’ असें त्याला नांव पडलें होतें. त्यांचा आधार घेऊन फ्रीड्रिख एंगल्स यानें १८४५ सालच्या आपल्या ग्रंथांत लिहिलें आहे कीं, कोरड्या चाकावर काम करणाऱ्या माणसाची आयुर्मर्यादा पस्तीस वर्षांपर्यंत जेमतेम पोंचते, आणि ओल्या चाकावर काम करणारा पंचेचाळिशीच्या पुढें क्वचित् जातो. कांटे घासणें हें काम सर्वांत वाईट, कारण तें कोरड्यावरच होई. चाकूचीं पातीं बहुधा ओल्या चाकावर जात, म्हणून त्या लोकांना दहा वर्षें अधिक मिळत, इतकेंच. धूळ ओढून नेणारे पंखे निघाले तरी सर्वत्र बसले नाहींत. अशा हातांतून निघालेलें, ज्यावर त्या माणसाच्या घासणीच्या बारीक रेघा अजून दिसत आहेत, असें पातें जेव्हां शंभर वर्षांनीं कोणाच्या हातीं येतें, तेव्हां तें निसण्यावर धरावें कीं नाहीं हा प्रश्न बाजारभावापुरता राहत नाहीं. एका बाजूनें त्या रेघा म्हणजे त्या माणसाचा एकुलता एक दस्तऐवज. दुसऱ्या बाजूनें, ज्यासाठीं त्यानें फुप्फुसें झिजविलीं तें पातें एकदांहि कांहीं कापूं नये, हा त्याच्या श्रमांचा विचित्रच सन्मान म्हणावा लागेल.

शेफील्डच्या दुकानदारांना केवळ पाहण्याच्या चाकूंचा मोह मात्र लौकरच पडला. जोसेफ रॉजर्स यांची पेढी १८२२ सालीं राजा चौथा जॉर्ज याची चाकू-सुऱ्या पुरविणारी झाली. तारा आणि क्रूस या खुणेचे तिचे चाकू व वस्तरे हिंदुस्थानांतहि येत. त्याच १८२२ सालीं या पेढीनें एक ‘वर्षांचा चाकू’ केला. त्यांत सनाच्या आंकड्याइतकीं, म्हणजे १८२२ पातीं बसविलीं, आणि पुढील काळांत वर्षांच्या हिशेबानें तीं वाढविण्यांत आलीं. साळिंदरासारखें दिसणारें हें प्रकरण कोणत्याहि खिशांत शिरणें शक्य नाहीं, आणि त्याच्या पात्यांनीं कांहीं कापावयाचें म्हटलें तर प्रथम कापणाराचींच बोटें जातील. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठीं त्याच पेढीनें ‘नॉरफोक चाकू’ घडविला. कोरीव शिंपल्याच्या मुठीचा, ७५ पात्यांचा, त्या पात्यांवर चित्रें उमटविलेला हा चाकू आज शेफील्डच्या कटलर्स हॉलमध्यें आहे. तो पाहून कारागिरांच्या हाताला सलाम करावाच लागतो. परंतु जपावा कीं वापरावा हा प्रश्नच त्याच्या बाबतींत उद्भवत नाहीं; तो चाकूचें रूप घेतलेली जाहिरात आहे, आणि जाहिरातीचें काम तो आजहि चोख करीत आहे.

याच्या अगदीं उलट टोंकाला एक साधा, हस्तिदंती मुठीचा आणि चांदीच्या बांधणीचा चाकू आहे. १४ एप्रिल १८६५ च्या रात्रीं वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहांत अब्राहाम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हां तो त्यांच्या खिशांत होता. त्याच्या जोडीला दोन चष्मे, हातरुमाल, घड्याळाचा पदक आणि एक पाकीट होतें; पाकिटांत वर्तमानपत्रांचीं कांहीं कात्रणें आणि शत्रुपक्षाची, म्हणजे दक्षिणेकडील राज्यांची, पांच डॉलरांची एक नोट निघाली. हीं सारीं चीजवस्त कुटुंबानें जपली. १९३७ सालीं ती लिंकन यांच्या नातीनें वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली, आणि १९७६ सालीं ग्रंथपालांनीं ती पेटी उघडून लोकांपुढें मांडीपर्यंत ती बहुतेकांना ठाऊकहि नव्हती. लिंकन यांनीं तो चाकू घरीं पेटींत ठेवून दिला असता तर तो एका मोठ्या माणसाच्या मालकीचा एक चाकू ठरला असता. तो त्या रात्रीं खिशांत होता, म्हणून लोक त्याच्यापुढें उभे राहून गप्प होतात. वापरानेंच त्याला जपण्यासारखा केला.

अर्थात् प्रत्येक खिशाला इतिहास लाभत नाहीं, आणि म्हणून संग्राहकांचा पक्ष हलका समजण्याचें कारण नाहीं. त्यांचें म्हणणें व्यवहाराचें आहे. कोरा चाकू, म्हणजे ज्याला मूळ कारखान्यानंतर दुसरी धार लागली नाहीं असा चाकू, ज्या भावाला जातो तो भाव एकदां निसण्यावर धरलेल्या चाकूला येत नाहीं. आणि गेलेला कोरेपणा कोणत्याहि उपायानें परत आणतां येत नाहीं. नाणीं, टपालाचीं तिकिटें यांची गोष्टहि तीच. पण तिकीट आल्बमांत ठेवलें कीं काम भागतें; चाकूचें तसें नाहीं. तो कपाटांतहि स्वस्थ बसत नाहीं. जुन्या पोलादाला बोटाच्या घामाचा ठसा पुरतो. आठवड्यांत त्याच ठशाच्या आकाराचा गंज धरतो. चामड्याच्या म्यानांत किंवा पिशवींत ठेवावा तर कातडें कमावतांना वापरलेलीं द्रव्यें पोलादाला खातात, म्हणजे ज्याला आपण संरक्षण समजतों तोच शत्रु निघतो. हस्तिदंत आणि सांबरशिंग अति कोरड्या हवेंत तडकतात. सर्वांत कपटी प्रकार सेल्युलॉइडच्या मुठीचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कांसवाच्या पाठीसारख्या किंवा मोत्यासारख्या झळकणाऱ्या या मुठी फार लोकप्रिय झाल्या. पण हा पदार्थ वयानें विघटन पावूं लागला म्हणजे त्यांतून आम्लधर्मी वायु सुटतात. बंद पेटींत ते कोंडले जातात आणि त्या चाकूचेंच नव्हे, तर शेजारीं हारीनें मांडलेल्या इतर कोऱ्या चाकूंचींहि पातीं खाऊन टाकतात. ज्याचा चाकू रोज खिशांतून निघे, उघडला जाई, पुसला जाई, त्याच्या नजरेस ही कीड पहिल्याच आठवड्यांत पडली असती. कुलपाआडच्या संग्रहांत ती वर्षांनीं कळते.

हस्तिदंताच्या बाबतींत तर हिंदुस्थानांतील मालकापुढें भावाचा प्रश्नच उरलेला नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत पुढें दुरुस्त्या होत गेल्या, आणि १९९१ च्या दुरुस्तीनें आफ्रिकेंतून आलेल्या हस्तिदंताचा व्यापारहि येथें बंद झाला. आजोबांच्या हस्तिदंती चाकूला बाजारांत किंमत किती, असें विचारण्यांत आतां हंशील नाहीं. तो विकण्याचा मार्ग बंद, म्हणून त्याला ‘गुंतवणूक’ म्हणतां येत नाहीं. मालकाच्या मनावरचें एक ओझें कायद्यानें असें परस्पर उतरविलें आहे.

वापरण्याच्या पक्षालाहि एक जुनी अडचण आहे, आणि ती फ्रेंचांनीं एका म्हणींत पकडून ठेविली आहे. जानो नांवाच्या माणसाचा एक चाकू होता. त्याचें पातें कितीदां तरी बदललें, मूठहि कितीदां बदलली, तरी जानो म्हणे कीं हा तोच चाकू. वापरावयाचें म्हटलें म्हणजे हा प्रसंग कधीं ना कधीं येतोच. पातें झिजतें, कमान तुटते, मुठीचा तुकडा उडतो. शेवटीं खिशांत जें राहतें त्याला आजोबांचा चाकू म्हणावयाचें तें कशाच्या जोरावर? तत्त्वज्ञांनीं या प्रश्नाला जहाजाचें रूपक दिलें आणि त्यावर पुष्कळ शाई खर्च केली. पण घरांत त्याचें उत्तर बहुधा कोणी मागत नाहीं. पितळेच्या भांड्याला कल्हई करून, बूड बदलून तें चार पिढ्या वापरणाऱ्या घराला जानो वेडा वाटणार नाहीं. मात्र ज्याला ती वस्तु अभ्यासाची सामग्री म्हणून हवी आहे त्याला जानोचा चाकू निरुपयोगी आहे, हेंहि तितकेंच खरें.

येथें निवाडा करावयाचा झाला तर किंमत ही कसोटी सोडून दिली पाहिजे. महाग म्हणून जपणें आणि स्वस्त म्हणून वापरणें यांत विचार थोडा आणि भीति फार आहे. त्यापेक्षां विचारावें तें असें कीं, या चाकूचे जोडीदार आणखी किती उरले आहेत, आणि तसा दुसरा करणारे हात अजून आहेत काय? स्वित्झर्लंडांतील कार्ल एल्सनर यानें १८९१ सालीं सैनिकांसाठीं चाकू पुरविण्यास आरंभ केला आणि १८९७ सालीं अधिकाऱ्यांच्या चाकूचा हक्क नोंदविला. त्याच्या कारखान्यांतून आजहि त्याच वंशाचे चाकू निघत आहेत. त्यांतल्या एखाद्यावर सोन्याचा मुलामा देऊन, क्रमांक घालून तो दहापट भावानें विकला, म्हणून तो दुर्मिळ होत नाहीं. तो खुशाल वापरावा. उलट, ज्या लहान मालकांच्या खोल्या आतां बंद पडल्या त्यांच्या एखाद्या नामांकित कारागिराचा, मूळच्या घासणीचा, अभंग चाकू हातीं आला तर त्याची ती पहिली धार पुसून टाकण्याचा अधिकार मालकाला कायद्यानें असला तरी शहाणपणानें नाहीं.

पण खुद्द कारागीर काय म्हणतील? शेफील्डचे स्टॅन शॉ १९४१ सालीं इबरसन यांच्या कारखान्यांत शिकाऊ म्हणून लागले आणि पुढें सत्तर वर्षांहून अधिक काळ घडीचे चाकूच करीत राहिले. जुन्या पद्धतीनें सबंध चाकू आपल्या हातानें करणारे ते अखेरच्या मोजक्या माणसांपैकीं होते. अखेरच्या काळांत केल्हॅम आयलंड संग्रहालयांत त्यांचें काम चाले, २०१७ सालीं त्यांना ब्रिटिश राजाज्ञेनें पदक मिळालें, आणि २०२१ सालीं ते वारले. त्यांच्या हातचा चाकू मिळावा म्हणून गिऱ्हाइकें वर्षानुवर्षें थांबत, आणि मिळाल्यावर बहुतेकजण तो मखमलीवर ठेवीत. तरीहि त्यांनीं एखादें पातें बोथट सोडलें नाहीं, एखादी कमान ढिली ठेविली नाहीं. कांचेच्या कपाटांत जाणार हें ठाऊक असतांनाहि प्रत्येक चाकू उद्यां सकाळीं कामाला लागणार आहे, अशाच बेतानें ते तो करीत. ही चिकाटी व्यर्थ म्हणावी काय? तसें नाहीं. कारण धार नसलेला चाकू जपण्यासारखाहि राहत नाहीं. तो नुसता चाकूच्या आकाराचा दागिना होतो.

आपल्याकडे या पेंचावर एक तोड फार दिवसांपासून चालत आली आहे. खंडेनवमीच्या दिवशीं शस्त्रें आणि अवजारें घांसूनपुसून, हळदकुंकू व फुलें वाहून पूजेंत मांडतात. सुताराचा रंधा, शिंप्याची कातर, घरची विळीसुद्धां. त्या दिवशीं त्यांना हात लावावयाचा नाहीं. दसरा उलटला कीं तीच अवजारें पुनः कामाला लागतात. वर्षांतून एक दिवस ठेव आणि बाकीचे दिवस हत्यार, असा हा हिशेब आहे, आणि त्यांत निदान वर्षाकांठीं एकदां गंज तपासला जातो हा व्यावहारिक लाभ लहान नव्हे. पुण्यांतील राजा दिनकर केळकर संग्रहालयांत अडकित्त्यांचा जो मोठा संग्रह आहे, तोहि याच दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. पक्ष्यांच्या, घोड्यांच्या, माणसांच्या आकृतींचे ते अडकित्ते घरोघरच्या पानाच्या तबकांतून आलेले. कारागिरानें त्यांवर कितीहि नक्षी केली असली तरी सुपारी कातरण्याचें त्यांचें काम चुकलें नव्हतें. दिनकर केळकरांनीं ते वेळेवर गोळा केले नसते तर पानाचे डबे अडगळींत गेल्यावर ते मोडींत गेले असते. तेथें जपणाराचा पक्ष निःसंशय जिंकला आहे. पण जपण्यासारखें जें होतें तें वापरणारांनीं निर्माण करविलें होतें.

मग ज्याच्या टेबलावर तो महाग चाकू अजून पेटींतच आहे त्यानें काय करावें? चाकू असा असेल कीं तसे अजून होतात, तर प्रथम त्याचें छायाचित्र घ्यावें, पात्याची रुंदी मोजून पेटीच्या झांकणांत लिहून ठेवावी, आणि पेटी व कागद जपून चाकू बाहेर काढावा. सांध्यांत पातळ खनिज तेलाचा एक थेंब सोडावा. गोडें तेल सोडूं नये, तें कालांतरानें चिकट होऊन पात्याला धरून ठेवतें. पात्याचा उपयोग पेचकसासारखा किंवा डब्याचीं झांकणें उचकटण्यास करूं नये. चाकू मोडतात ते कापल्यानें नव्हे, या असल्या उपद्व्यापांनीं. पातें जुन्या धर्तीच्या साध्या पोलादाचें असेल तर पहिल्याच पेरूच्या किंवा लिंबाच्या रसानें त्यावर निळसर करडा डाग उठेल. तो घासून काढण्याच्या खटपटींत पडूं नये. पातें पुसून कोरडें करून मिटावें. त्या डागाच्या पातळ थराखालीं लाल गंज सहसा धरत नाहीं.